कोच शब्द टाकतात तेव्हा

दर वर्षी 31 ऑगस्टच्या रात्री आमच्या शाळेतल्या अकरावीच्या काही मुली मुद्दाम जाग्या राहतात. बारा वाजून 1 सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या डिव्हिजन एकच्या, म्हणजे खेळाच्या सर्वांत वरच्या गटातल्या, महाविद्यालयांच्या लॅक्रॉस प्रशिक्षकांना त्यांच्याशी संघातल्या जागेबद्दल थेट बोलण्याची पहिल्यांदा मुभा मिळते. त्याआधी फोन नाही, संदेश नाही, आणि शाळेच्या प्रशिक्षकामार्फत हळूच निरोप पाठवणेही नियमात बसत नाही. त्यामुळे बाराच्या ठोक्याला कोणाचा फोन वाजला आणि कोणाचा नाही, ही बातमी सकाळी पहिला तास सुरू होण्याआधी सगळ्या शाळेत पसरलेली असते. काहींचे फोन पहाटेपर्यंत वाजत राहतात, तर बहुतेकींचे वाजत नाहीत. त्या दुपारी न वाजलेल्या फोनच्या मुली एकेक करून माझ्या वर्गात येतात, कारण शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात कोच बसतात.

मेरिलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीत एका सरकारी शाळेत मी गणित शिकवते. बाल्टिमोरच्या नैर्ऋत्येला असलेल्या या भागात मराठी घरे बरीच आहेत. शाळेत प्रशिक्षक पुष्कळ आहेत, पण नुसते ‘कोच’ म्हटले की मुलींच्या लॅक्रॉस संघाच्या त्या एकट्याच डोळ्यांपुढे येतात. इतिहासाच्या शिक्षिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, पण मैदान त्यांनी सोडले नाही. निवृत्तीबरोबर त्यांची खोली गेली, म्हणून पालकांशी बोलण्यासाठी त्या माझा वर्ग वापरतात आणि मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसते. पालकांना माझी अडचण वाटत नाही, कारण त्या वेळी त्यांचे लक्ष कोचच्या तोंडाकडे असते. मी तेथे ऐकले त्यावरून माझे एक मत झाले आहे. या देशात महाविद्यालयीन प्रवेशाच्या व्यवहारात गुंतलेला जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही विकत असतो. कोच काहीच विकत नाहीत, आणि म्हणूनच त्यांनी टाकलेल्या शब्दाला किंमत आहे.

लॅक्रॉस आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिलेला नसेल. काठीच्या टोकाला जाळीची खोबण असते, तिच्यात एक कडक रबरी चेंडू पेलत, हिंदकळवत पळायचे, तो एकमेकींकडे फेकायचा आणि सहा फूट रुंद व सहा फूट उंच गोलात मारायचा. हा मूळचा होडेनोशोनी आणि इतर आदिवासी राष्ट्रांचा खेळ असून त्यांच्यात तो आजही विधात्याने दिलेला खेळ मानला जातो. मुलींच्या खेळाची वाट जरा आडवळणाची आहे. लुईझा लम्सडेन या स्कॉटिश शिक्षिकेने 1884 मध्ये कॅनडात हा खेळ पाहिला, आणि 1890 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत मुली तो खेळू लागल्या. त्याच शाळेत तो शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी 1926 मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत त्याची सुरुवात केली. आमच्या मैदानापासून ही शाळा फार लांब नाही. मेरिलँडने 2004 मध्ये लॅक्रॉसला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ ठरवले. राज्याचा मूळचा अधिकृत खेळ मात्र घोड्यावर बसून भाल्याने कडी उचलण्याचा आहे, ही गोष्ट कोच प्रत्येक नव्या पालकाला आवर्जून सांगतात. आमच्या नातेवाइकांना लॅक्रॉस हा शब्द कळला तो ऑक्टोबर 2023 मध्ये. मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मान्यता मिळाली. त्या आठवड्यात मला पुण्याहून आलेल्या फोनांत पहिला प्रश्न क्रिकेटचा असे आणि दुसरा, ‘ते दुसरे काय आहे?’ हा.

कोच स्वतः महाविद्यालयात खेळल्या तो काळ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचा. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा टायटल नाइन हा कायदा 1972 मध्ये झाला होता, पण एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची महिला लॅक्रॉसची पहिली स्पर्धा भरली ती 1982 मध्ये. त्या वेळी त्यांच्यासाठी कोणी शब्द टाकला नव्हता आणि टाकण्याची कोणाला गरजही वाटत नव्हती. मैदानावर चाचणी असे, त्या दिवशी हजर राहायचे आणि खेळून दाखवायचे. आज मुलीच्या सातवी-आठवीपासून क्लब संघ, उन्हाळी स्पर्धा, चित्रफिती बनवणारे आणि प्रवेशाचा सल्ला देणारे असा संसार पालक उभा करतात. त्यावर वर्षाला काही हजार डॉलर सहज खर्च होतात.

फलटणच्या एका गृहस्थांची मुलगी याच संसारातून आमच्या संघात आली. ते स्वतः शाळेत असताना खो-खो राज्य पातळीवर खेळलेले, त्यामुळे खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत मिळणारे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकऱ्यांतले पाच टक्के आरक्षण या दोन गोष्टी त्यांना नेमक्या ठाऊक होत्या. त्यांनी मला गणेशोत्सवात गाठले. “ताई, तुम्ही कोचशी जरा बोला ना. हिला स्पोर्ट्स कोट्यातून कुठे मिळेल, तेवढे विचारा.” मी म्हटले, “अहो, असा कोटा इथे नसतो, तुम्ही स्वतःच या आणि भेटा.” ते आले, पण कोटा नसतो यावर त्यांचा विश्वास बसायला सबंध हिवाळा गेला.

त्यांचे फारसे चुकत नव्हते. येथे जे आहे त्याला कोटा म्हणत नाहीत इतकेच. प्रवेशाचा निर्णय प्रवेश कार्यालय घेते, प्रशिक्षक घेत नाही. पण प्रत्येक प्रशिक्षकाला काही मोजक्या नावांची यादी कार्यालयापुढे ठेवता येते आणि त्या यादीचे वजन मोठे असते. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला, त्यात बाहेर आलेल्या आकडेवारीनुसार प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडू अर्जदारांपैकी सुमारे 86 टक्क्यांना प्रवेश मिळत होता, तर एकंदर अर्जदारांना मिळणारा प्रवेश दहा टक्क्यांहूनही कमी होता. या यादीतल्या जागेला बाजारात काय भाव येतो ते 2019 मध्ये सगळ्या देशाने पाहिले. श्रीमंत पालकांच्या मुलांना, त्यांनी तो खेळ कधी खेळला नसतानाही, खेळाडू म्हणून आत घुसवणारे रॅकेट त्या वर्षी उघड झाले आणि येलच्या महिला सॉकर संघाच्या तत्कालीन प्रशिक्षकाने लाच घेतल्याची कबुली दिली. कोच त्या दिवसांत फार चिडलेल्या होत्या. पैसे खाल्ल्याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग खोट्या शब्दाचा होता. एका प्रशिक्षकाने खोटे नाव यादीत घातले की पुढची काही वर्षे सगळ्यांच्याच याद्यांकडे कार्यालय संशयाने बघते, आणि त्यात खऱ्या मुली भरडल्या जातात, असे त्यांचे म्हणणे होते.

1 सप्टेंबरचा नियम नेहमी नव्हता. 2017 च्या आधी महाविद्यालयांचे प्रशिक्षक आठवी-नववीच्या मुलींकडून तोंडी होकार घेत असत. ज्या मुलीने बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम पुरा केलेला नाही, तिने कुठल्या विद्यापीठात शिकायचे ते ठरलेले असे. तो होकार दोन्ही बाजूंना बंधनकारक नसे, अजूनही नसतो. प्रशिक्षक नोकरी बदलतात, नवा येतो, त्याला वेगळी मुलगी हवी असते. शेवटी महिला आणि पुरुष अशा दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या संघटनांनीच मागणी लावून धरली आणि अकरावीच्या 1 सप्टेंबरपर्यंत संपर्कच करायचा नाही असा नियम झाला. शिकारी माणसांनी स्वतःहून शिकारीचा हंगाम आखडून घ्यावा, हे क्वचितच घडते. कोचच्या मते त्याचे कारण थोरपणा नसून थकवा होते, कारण तेरा वर्षांच्या मुलीचा खेळ पाहून ती अठराव्या वर्षी कशी खेळेल हे ओळखता येत नाही, हे प्रशिक्षकांनाच कळून चुकले होते.

पालकांच्या भेटीत कोचचा एक कडक नियम असतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे फक्त मुलीने बोलायचे. आई-वडील उपस्थित असतात, चहा-कॉफी घेतात, पण बोलत नाहीत. आपल्या लोकांना हे फार जड जाते. फलटणकरांनी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा कोचनी हात वर केला. मुलीला त्या विचारतात: तुला काय शिकायचे आहे, थंडी किती सोसते, मोठ्या शहरात राहायचे आहे की नाही, बाकावर बसावे लागले तर घरी फोन करून रडशील का. आणि मग प्रशिक्षकांमध्ये सर्रास विचारला जाणारा तो प्रश्न येतो, की पहिल्याच सरावात पाय मोडला आणि पुन्हा कधीच खेळता आले नाही, तर त्याच महाविद्यालयात चार वर्षे राहायला तुला आवडेल का? या प्रश्नावर बहुतेक मुलींच्या यादीतली निम्मी नावे तिथल्या तिथे गळून पडतात. उरलेल्या निम्म्यांवर मग खरे बोलणे सुरू होते.

ते बोलणे ऐकायला सुखद नसते. डिव्हिजन एकमध्ये महिला लॅक्रॉसचे संघ सव्वाशेच्या आसपास आहेत आणि डिव्हिजन तीनमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक, पण पालकांच्या डोक्यात पहिलेच असतात. कोच मुलीच्या तोंडावर, आईवडिलांच्या देखत सांगतात की तुझा डावा हात कच्चा आहे, तू धावतेस छान पण चेंडू हरवल्यावर मागे फिरून धावत नाहीस, आणि या वेगाने डिव्हिजन एकचा मधल्या फळीचा खेळ झेपणार नाही. एकदा एका आईने विचारले, की क्लबचे संचालक तर हिला वरच्या संघांत सहज जागा मिळेल म्हणतात. कोच म्हणाल्या, “ते तुमच्याकडून फी घेतात. मी घेत नाही, म्हणून मला हे परवडते.” हे थोडे अन्यायाचे होते, कारण क्लबचे काही प्रशिक्षक फार चांगले काम करतात, आणि मी ते त्यांना नंतर म्हटलेही. त्यांनी मान डोलावली, पण वाक्य मागे घेतले नाही.

महाविद्यालयीन प्रशिक्षक मुलींचा खेळ पाहतात तो उन्हाळ्याच्या क्लब स्पर्धांत. घडीच्या खुर्च्या टाकून, टोप्या घालून ते एका दिवसात अनेक मैदाने पालथी घालतात. वसंतातल्या शाळेच्या सामन्यांना ते क्वचितच येतात, कारण तोच त्यांचाही स्पर्धेचा काळ असतो. त्यामुळे मुलगी किती चपळ आहे हे त्यांना कोचकडून ऐकायचे नसते. सप्टेंबरनंतर कोचना येणाऱ्या फोनांत दुसरेच प्रश्न असतात. मुलगी सामन्यात उतरवली नाही तर कशी वागते? नवख्या मुलींशी कशी बोलते? हरल्यानंतर बसमध्ये कुठे बसते? घरचे लोक मध्ये पडतात का? या प्रश्नांना कोच सरळ उत्तर देतात आणि वाढवून एकही वाक्य बोलत नाहीत. फोनवर ‘छान’ हा शब्द त्या फारसा वापरत नाहीत. ज्या मुलीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, तिच्याबद्दल त्या थोडेच सांगतात, आणि पलीकडच्या माणसाला ते समजते. या फोनांतल्या विश्वासाचे पाणी उन्हाळ्यातल्या विहिरीसारखे आहे. एका मुलीसाठी भसाभस उपसले, तर पुढच्या वर्षीच्या मुलीच्या घागरीत गाळ येतो.

हे मला पहिल्यांदा लख्ख दिसले ते एका गुणवान मुलीच्या वेळी. ती संघातली सर्वांत जास्त गोल करणारी होती, पण धाकट्या खेळाडूंना तुच्छतेने वागवत असे. तिला एका नामांकित विद्यापीठात जायचे होते आणि तिथल्या प्रशिक्षकांची कोचशी जुनी ओळख होती. एक फोन केला असता तर काम झाले असते असे तिच्या आईला वाटत होते आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत होते. कोचनी स्वतःहून फोन करायला नकार दिला. “त्यांनी विचारले तर तिच्या खेळाबद्दल जे खरे आहे ते सगळे चांगले सांगेन. स्वभावाबद्दल विचारले तर तेही खरे सांगेन. त्यामुळे मी फोन न करणेच तिच्या फायद्याचे आहे.” आई रागाने निघून गेली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा स्वभाव हा कायमचा मजकूर नसतो, तिला एक संधी द्यायला हवी होती, असे माझे तेव्हाही मत होते आणि अजूनही आहे. आमचा तो वाद संपलेला नाही. तरी माझी स्वतःची मुलगी त्या संघात असती, तर अशाच माणसाच्या हातात तिचे नाव असावे असे मला वाटले असते, हेही खोटे नाही.

माझ्या विषयाशी कोचचा संबंध येतो तो गुणपत्रिकेमुळे. डिव्हिजन एकमध्ये खेळण्याच्या पात्रतेसाठी सोळा मुख्य विषयांची अट आहे. त्यांतले दहा बारावी सुरू होण्यापूर्वी पुरे व्हावे लागतात आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांचेच असावे लागतात. बारावीत जाग आलेल्या मुलीला मागचे गुण सुधारून त्या दहांत बसवता येत नाहीत. कोच दर वर्षी नववीच्या मुलींची यादी घेऊन माझ्याकडे येतात आणि कोणाचे बीजगणित लटकले आहे ते विचारतात. गुण वाढवून द्या असे त्यांनी मला कधी सुचवलेले नाही. एवढेच म्हणतात, की हिला शिकवणीला कोणत्या दिवशी पाठवू, त्या दिवशी मी तिचा सराव ठेवत नाही. कडक निवड करणारी बरीच महाविद्यालये अकरावी संपल्यावरच्या जुलैमध्ये प्रशिक्षकाने दिलेली नावे प्रवेश कार्यालयाकडून आधीच चाळून घेतात. गुणपत्रिका, बारावीत घेतलेले विषय, असल्यास एसएटीचे गुण पाहून कार्यालय प्रशिक्षकाला हिरवा किंवा लाल कंदील दाखवते. हिरवा कंदील म्हणजे प्रवेश नव्हे, हे कोच पालकांना दोनदा सांगतात आणि पालक ते दोनदा विसरतात.

पैशाच्या बाबतीत विसरणे आणखी महाग पडते. ‘स्कॉलरशिप मिळाली’ या दोन शब्दांभोवती आपल्याकडे आणि येथेही एक तेजोवलय आहे. प्रत्यक्षात महिला लॅक्रॉसच्या डिव्हिजन एकच्या संघाला 2025 पर्यंत जास्तीत जास्त बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता येत असे आणि ती तीसएक मुलींत तुकडे करून वाटली जाई. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, आणि आयव्ही लीगमध्येही नसते. तेथे मदत मिळते ती कुटुंबाच्या उत्पन्नावर. म्हणून कोच प्रत्येक कुटुंबाला घरी जाऊन महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचे नक्त खर्च काढण्याचे गणकयंत्र भरून यायला लावतात. 2011 पासून महाविद्यालयांना ते ठेवणे बंधनकारक आहे. आकडा बघितल्याशिवाय पुढची भेट देत नाहीत. यामागे कारण आहे. यादीतल्या मुलीने नोव्हेंबरमध्ये अर्ली डिसिजनचा अर्ज भरावा अशी प्रशिक्षकाची अपेक्षा असते, आणि प्रवेश मिळाला तर तेथेच जाण्याचे बंधन त्या अर्जात असते. चार महाविद्यालयांची मदतीची पत्रे समोर ठेवून तुलना करण्याची सोय त्यात उरत नाही. श्रीमंत घराला त्याने फरक पडत नाही, मध्यमवर्गाला पडतो.

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने सगळी गणिते पुन्हा बदलली. त्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांवरची शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा आली. महिला लॅक्रॉससाठी ती 38 खेळाडूंची आहे. मोठ्या संघांत शेवटच्या जागांवर शिष्यवृत्तीशिवाय खेळणाऱ्या मुलींच्या पायाखालची जमीन त्या वसंतात सरकली. पुढे न्यायाधीशांच्या आग्रहामुळे आधी जागा मिळालेल्या खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवण्याची तरतूद झाली, पण ती त्या त्या विद्यापीठाच्या मर्जीवर होती. ते महिने कोच माझ्या वर्गात बसून फोन लावत होत्या. आयुष्यभर मिळवलेली माहिती अचानक जुनी झाल्याची चिडचिड त्यांच्या आवाजात असे. पण ज्या गोष्टीची त्यांना खात्री नव्हती ती त्यांनी कोणत्याच पालकाला सांगितली नाही, आणि त्या काळात असे वागणारी माणसे मोजकीच होती.

फलटणकरांच्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. तिने प्रशिक्षकांना पाठवायची पहिली पत्रे वडिलांनी लिहिली होती. कोचनी दोन ओळी वाचून ती बाजूला ठेवली; ती भाषा कचेरीतल्या अर्जाची होती आणि सोळा वर्षांची कोणतीही मुलगी तसे लिहीत नाही. मग तिने स्वतः लिहिली, चुकांसकट. डिव्हिजन तीनच्या दोन महाविद्यालयांनी रस दाखवला. त्यांतल्या एकाचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. दुसरे मेनमध्ये होते, आणि पाय मोडण्याच्या प्रश्नावर मुलीने स्वच्छ सांगितले की बर्फात मोडक्या पायाने तिला तेथे राहायचे नाही. तिला अभियांत्रिकी शिकायची होती. तिने कोणत्याही यादीशिवाय, इतरांसारखाच अर्ज करून कॉलेज पार्कच्या मेरिलँड विद्यापीठात प्रवेश मिळवला. तेथील महिला संघ देशातल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी एक आहे, त्यामुळे त्यात खेळण्याचा प्रश्नच नव्हता. ती विद्यापीठाच्या क्लब संघात खेळते, स्वतःच्या पैशाने काठी घेते आणि शनिवारी सामने असतात म्हणून घरी येत नाही, अशी तिच्या आईची तक्रार आहे.

शिफारसपत्र मात्र कोचनी तिच्यासाठी लिहिले होते, खेळाडू म्हणून नव्हे तर विद्यार्थिनी म्हणून. मला ते वाचायला मिळाले. त्यात गोलांची संख्या नव्हती. पराभवानंतर प्रतिस्पर्धी संघाच्या गोलरक्षक मुलीला तिने स्वतःहून जाऊन काय सांगितले, एवढे एका परिच्छेदात होते. फलटणकर अजून मला भेटले की म्हणतात, की एवढा खर्च केला आणि शेवटी खेळाचा प्रवेशाला काही उपयोग झाला नाही. मागच्या महिन्यात त्यांनी धाकटीला कोचकडे आणले. ती सातवीत आहे. कोचनी तिला भिंतीवर चेंडू मारून झेलायला लावले, उजव्या हाताने, मग डाव्या, आणि वडिलांना सांगितले की महाविद्यालयाचा विषय काढायचा असेल तर अकरावीत या, सध्या तिला दुसरा एखादा खेळही खेळू द्या. फलटणकरांनी लगेच विचारले, “खो-खो चालेल का?” कोचना खो-खो म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मग त्यांनी खुर्च्या सरकवून माझ्या वर्गातच त्यांना खांब आणि पाटी समजावून सांगायला सुरुवात केली.